आडनावाचा सातबारा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. त्या वेळी आणि त्यानंतरही या नामांतराच्या बऱ्यावाईट बाजूंची चर्चा पुष्कळ झाली. कार्यालयांच्या पाट्या, शाळांचे शिक्के, बँकांची कागदपत्रे बदलावी लागतील, जुन्या दाखल्यांचे काय होणार, हा खर्च कोणी सोसायचा, असे प्रश्न चावडीवर विचारले गेले. प्रश्न रास्तच होते. तथापि याच जिल्ह्यात दर लग्नसराईत हजारो मुलींचे नाव एका दुपारीत बदलते, तेव्हा दाखल्यांचे काय आणि खर्च कोणाचा, हे कोणीही विचारत नाही. जिल्ह्याचे नाव बदलण्यास मंत्रिमंडळाचा ठराव, केंद्राची संमती आणि राजपत्रातील अधिसूचना लागली. मुलीचे नाव बदलण्यास ताटभर तांदूळ आणि एक अंगठी पुरते.

महाराष्ट्रात ही गोष्ट केवळ आडनावापुरती नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. इतर अनेक प्रांतांत आणि देशांत लग्नानंतर शेवटचे पद तेवढे बदलते. आपल्याकडे नावाची तीन पदे असतात. त्यांतील मधले पद वडिलांचे, ते जाऊन तेथे पतीचे नाव येते. तिसरे पद जाऊन सासरचे आडनाव येते. आणि तांदळात नवे नाव कोरण्याची रीत जेथे पाळली जाते तेथे पहिलेही पद जाते. म्हणजे पूर्वीच्या व्यक्तीची खूण सांगणारे एकही अक्षर शिल्लक राहत नाही. यमुना कुर्लेकर या मुलीची रमाबाई रानडे झाली. मनकर्णिका गोखले हिची लक्ष्मीबाई टिळक झाली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या या लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे याच नगर परिसरात गेली. पुढे रेव्हरंड टिळकांनी आणि त्यांच्यामागून लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला, पण आडनाव टिळकच राहिले. धर्मांतरातही पुरुषाचे आडनाव हलत नाही, आणि लग्नात स्त्रीचे काहीच टिकत नाही.

ज्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला मिळाले त्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या माणकोजी शिंदे यांच्या कन्या. १७२५ साली जन्मलेल्या शिंद्यांच्या या मुलीला सारे जग होळकर म्हणून ओळखते. आता कोणी म्हणेल, की पाहा, सासरचे नाव घेऊनच ती मोठी झाली. मग त्या नावात गुलामी कोठे आली? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अहिल्याबाईंची सत्ता सासरच्या दौलतीवरच उभी होती, हे खरेच आहे. पण ती सत्ता आडनावाबरोबर आपोआप हाती आली नव्हती. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पाठोपाठ मुलगा मालेराव गेला, आणि मग दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा बेत पुढे केला. राघोबादादांचे सैन्यही त्यांच्या पाठीशी होते. अहिल्याबाईंनी तो बेत उधळून लावला, तेव्हा कोठे होळकर हे नाव त्यांचे झाले. तोवर त्या होळकरांच्या सूनबाई होत्या.

याच शहराच्या इतिहासात दुसरी एक स्त्री आहे, आणि तिचा मार्ग नेमका उलट दिशेचा आहे. चांदबिबी ही निजामशाहीची मुलगी, विजापूरच्या आदिलशाहीची सून. पती निवर्तल्यावर तिने विजापूरचा कारभार पाहिला. आणि १५९५-९६ मध्ये मोगल फौजांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा किल्ला लढवला तो माहेरच्या या लेकीने. लग्न झाले म्हणून तू परकी झालीस, असे तिला तटावर कोणी सांगितले नाही. संकटाच्या वेळी लेक घरची असते. वाटणीच्या वेळी ती परघरची होते, ही आपल्या समाजाची जुनी सोय आहे. (नगरजवळच्या डोंगरावरील ज्या वास्तूला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात ती प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर आहे. तिच्या नावावर एक इमारत आहे, तीही तिची नाही.)

आडनाव बदलणे हा आमच्या कुळाचा सनातन धर्म आहे, असे जे सांगतात त्यांनी जुने महसुली कागद उघडून पाहावेत. जुन्या फेरफारांत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ असे, म्हणजे अमक्याचा मुलगा. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ असे, म्हणजे अमक्याची बायको. आडनाव कित्येकदा दोघांच्याही नावात नसे. शाळेचे हजेरीपट, जमाबंदी, न्यायालये आणि नोकरीची दप्तरे यांनी आडनावाला आजचे पक्के रूप दिले. पुरुषांची आडनावेही काही अढळ नव्हती. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून ते फुले झाले. धंदा बदलला म्हणून पुरुषाचे आडनाव बदलले तर कुळ बुडत नाही, आणि नायगावच्या नेवशांची सावित्री नेवसे राहिली असती तर ते बुडाले असते, असे मानण्यास काही आधार नाही.

आता कायद्याचे पाहू. तो भाग थोडक्यात संपतो. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असे सांगणारा कायदा भारतात नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा असो की १९५५ चा हिंदू विवाह कायदा, नावाविषयी त्यांत एक अक्षर नाही. जी नाव बदलत नाही तिला काहीही करावे लागत नाही. जी बदलते तिने विवाह नोंदणीचा दाखला घेऊन आधार, पॅन, बँक, मतदार यादी, शिधापत्रिका अशी दारे पुजावयाची असतात. म्हणजे कायद्याने पाहता नाव न बदलणे हा सरळ रस्ता आहे आणि बदलणे हा आडवळणाचा. व्यवहारात मात्र उलटे भासते, कारण खिडकीपलीकडचा लिपिक “मिस्टरांचे नाव सांगा” असे म्हणूनच लेखणी उचलतो.

जगाकडे पाहिले तर या बाबतीत रूढी आणि सत्ता यांचे नाते अधिक स्पष्ट होते. इंग्रजी कायद्यात विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्वच पतीच्या अस्तित्वात विलीन झाले असे मानीत; तिची मालमत्ता त्याची होई आणि नावही त्याचे लागे. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्या ल्यूसी स्टोन यांनी १८५५ मध्ये विवाह केला व स्वतःचे नाव सोडण्यास नकार दिला. क्रांतीनंतरच्या रशियात १९१८ च्या संहितेने दांपत्यास एक आडनाव ठेवावयास लावले, मात्र ते पतीचे, पत्नीचे वा जोड असू शकत होते. १९२६ च्या संहितेने आपापले नाव ठेवण्याची मोकळीक दिली. चीनच्या १९५० च्या विवाह कायद्याने पतिपत्नी दोघांनाही स्वतःच्या नावाचा हक्क दिला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून विवाहानंतरही जन्मनावच कायम राहते. आणि जपानसारख्या पुढारलेल्या देशात दांपत्याने एकच आडनाव घेतले पाहिजे असा नियम नागरी संहितेत आहे. कोणाचेही घ्या असे कायदा म्हणतो, आणि शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव जोडप्यांत पतीचेच घेतले जाते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हा नियम उचलून धरला. कागदावरची समानता आणि घरातली समानता यांत किती अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

परंतु आपल्या जिल्ह्यापुरता या प्रश्नाचा गाभा जमिनीत आहे. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने पुढचे पाऊल टाकून तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे सहदायाद केले. मात्र कायदा लागू होण्यापूर्वी जिचे लग्न झाले तिला त्यातून वगळले. हे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याच्या कायद्यानेही, लग्न झाले की लेक घरातून वजा झाली, हीच समजूत मान्य केली होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट काढली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुलीचा हा हक्क जन्मतःच आहे. तो मिळण्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. हक्क जन्माने आहे, तेव्हा तो लग्नाने जात नाही आणि आडनावानेही जात नाही. तरी गावोगाव “तुझे आडनाव आता वेगळे, तुझा येथे काय संबंध?” असे सांगितले जाते आणि शिकलेल्या मुलीही ते खरे मानतात.

त्याचा पुढचा टप्पा हक्कसोडपत्र. वडील गेले, वारसनोंदीची वेळ आली, की बहिणींना बोलावणे जाते. प्रवरेच्या वा गोदावरीच्या कालव्याखालील ओलिताची जमीन असेल तर हे बोलावणे फारच अगत्याने जाते. साडीचोळी होते, जेवण होते आणि सही होते. बहिणीला आपण काय सोडतो आहोत हे कळत नाही, असे नव्हे. तिला ते पुरते कळते. तिचा हिशेब वेगळा असतो. उद्या सासरी काही बरेवाईट झाले तर परत येण्यास एक दार उघडे राहावे, भाऊबीज चालू राहावी, यासाठी ती जमीन देते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा विम्याचा हप्ता आहे, आणि जगातील सर्वांत महागडा आहे. कारण एकरभर बागायत देऊन जे संरक्षण ती विकत घेते त्याची कोणतीही पावती तिच्यापाशी नसते.

हा विमा प्रसंगी किती उपयोगी पडतो, याचे उत्तर संगमनेरने दिले आहे. १९८८ साली तेथे निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली. नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रिया तेथे प्रथमच उघडपणे एकत्र आल्या आणि आपली परिस्थिती बोलल्या. समाजवादी चळवळीच्या इतिहासात या परिषदेचे मोल मोठे आहे, आणि नावाच्या प्रश्नाचा विचार करताना तिच्याकडे वारंवार वळावे लागते. टाकलेली स्त्री कोणते आडनाव लावते? ज्याने घराबाहेर काढले त्याचे. शिधापत्रिकेवर तिचे नाव सासरी असते. ते तेथून कमी झाल्यावाचून माहेरी चढत नाही, आणि कमी करून देण्यास सासर तयार नसते. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. माहेरच्या उताऱ्यावर नाव नाही, कारण हक्कसोड झालेले. सासरच्या उताऱ्यावर तर ते कधीच नव्हते. दोन घरे आणि दोन नावे असलेली ही स्त्री कागदावर कोठेच राहत नाही. नाव बदलण्याचा निर्णय सुखाच्या दिवशी घेतला जातो. त्याची किंमत दुःखाच्या दिवशी चुकवावी लागते.

आता चळवळीतल्याच काही साथींचा आक्षेप. आडनावाचा वाद हा पुण्यामुंबईच्या पदवीधर स्त्रियांचा आहे, कष्टकरी बाईला त्याचे सुखदुःख नाही, असे ते म्हणतात. वरवर हे पटते. पण पाथर्डी, जामखेड, कर्जत भागातून साखर कारखान्यांवर तोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा विचार करा. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर; वहीत नाव लागते नवऱ्याचे; हंगाम संपल्यावर हिशेब होतो त्याच्याशी. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई त्या वहीत अर्धा कोयता म्हणूनही नसते. तिने आडनाव कोणते लावावे हा प्रश्न तिला पडत नाही हे खरे, कारण तिचे पहिले नावही कोणी लिहीत नाही. तेव्हा हा चोचला नसून एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. ज्या समाजात स्त्रीचे नाव पतीच्या नावात विरघळते त्याच समाजात तिची मजुरीही त्याच्या मजुरीत विरघळते. सहकाराचा गौरव करणाऱ्या या जिल्ह्याने, प्रवरानगरला १९५० मध्ये पहिला गळीत हंगाम झाल्यापासून, उसाच्या टनाटनाचा हिशेब ठेवला आहे. तोडणाऱ्या बाईच्या नावाने वेगळे खाते मात्र ठेवले नाही.

जातीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जात जन्माने ठरते आणि विवाहाने बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. म्हणून राखीव जागेवर ग्रामपंचायत लढविणाऱ्या स्त्रीचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असतो, मतदार यादीत नाव सासरचे असते, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. नाव बदलते, जात राहते. दोन्ही बाबतींत निर्णय तिचा नसतो. आंतरजातीय विवाहात आडनावाला आणखी वेगळे वजन येते. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) येथे प्रेमसंबंधाच्या कारणावरून दलित तरुणांच्या हत्या झाल्या, त्या याच जिल्ह्यात, आणि खर्डा हे चौंडीच्याच जामखेड तालुक्यातले गाव आहे. अशा ठिकाणी एखादी सवर्ण घरातील मुलगी दलित पतीचे आडनाव उघडपणे आणि अभिमानाने लावत असेल तर तिला ‘पुरुषसत्तेला शरण गेलीस’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाही पुस्तकी सुधारकाला नाही. तेथे नाव बदलणे हेच बंड आहे.

वडिलांचे आडनाव ठेवले तरी ते पुरुषाचेच ना, हा प्रश्न सभांतून हटकून विचारला जातो आणि विचारणाऱ्याला आपण पेच टाकला असे वाटते. ते नाव पुरुषाकडून आले हे उघड आहे. पण मुलाचे आडनावही वडिलांकडूनच येते, आणि वीस-पंचवीस वर्षे वापरल्यावर ते त्याचे स्वतःचे झाले असे सारे मानतात. मुलीलाही तेच माप लावा, एवढेच मागणे आहे.

सरकारने या दिशेने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात प्रथम बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासनाने ठरवून दिला. आईचे नाव दाखल्यात आले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव लिहिण्याची चालत आलेली पद्धत तशीच ठेवली. मुलाच्या नावात आई आली. आईच्या नावात तिची आई काही आली नाही. तथापि त्या निर्णयात एक उपयुक्त तरतूद आहे व तिची माहिती फार थोड्यांना आहे: मिळकतीच्या दस्तात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा स्त्रीला दिलेली आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या अर्जात लग्नापूर्वीचे आणि लग्नानंतरचे अशी दोन्ही नावे मागितली होती. महिना दीड हजार रुपयांसाठी का होईना, लाखो स्त्रियांनी आपले पहिले पूर्ण नाव कित्येक वर्षांनी एखाद्या सरकारी कागदावर लिहिले.

समाजवादी चळवळीने स्वतःकडेही पाहावे. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला अग्रस्थान दिले. मृणाल मोहिले या मृणाल गोरे झाल्या, प्रमिला कारंडे या प्रमिला दंडवते झाल्या, साम्यवादी पक्षात अहिल्या रणदिवे या अहिल्या रांगणेकर झाल्या. त्यांच्या कर्तृत्वास आडनावाने काही उणेपणा आला नाही, आणि त्या काळी हा प्रश्न कोणी त्यांच्यापुढे ठेवलाही नव्हता. आज तो ठेवला गेला आहे. आपल्या कार्यकर्त्यांची लग्ने नोंदणी पद्धतीने होतात, हुंडा नसतो, मानपान नसतो, सत्यशोधकी शपथ असते. आणि संध्याकाळपर्यंत नवरीचे नाव बदललेले असते. कोणी तिला विचारलेले नसते. तिनेही विचारलेले नसते. निवडणुकीच्या फलकावर तर ‘सौ.’ने सुरुवात होऊन मध्ये पतीचे नाव ‘राव’ लावून येते आणि छायाचित्रही त्याचेच मोठे असते. पन्नास टक्के आरक्षण बाईला मिळाले, फलक मात्र भाऊसाहेबांचा राहिला.

येथे पक्षाने फतवा काढू नये. नाव ठेवावे की बदलावे हे त्या स्त्रीने ठरवावे आणि तिचा निर्णय दोन्ही घरांनी व पक्षाने मान्य करावा. पण निर्णय म्हणजे जो विचारपूर्वक घेतला जातो तो. म्हणून लग्न ठरण्याच्या बैठकीत देण्याघेण्याची बोलणी होतात तशी नावाचीही व्हावीत, आणि ती मुलीच्या तोंडून व्हावीत. जिने नाव बदलण्याचे ठरवले तिने सर्व कागद एकाच वेळी आणि एकाच शब्दलेखनाने बदलून घ्यावेत. निम्मे जुने व निम्मे नवे ठेवल्याने जो त्रास होतो तो वारसनोंदीच्या वेळी दसपट होतो. विवाहाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला या दोन कागदांच्या साक्षांकित प्रती तिने स्वतःच्या पेटीत ठेवाव्यात, सासऱ्यांच्या कपाटात नव्हे. जिने नाव ठेवले तिला ‘मग लग्न केलेस कशाला’ असे विचारणाऱ्यांना उत्तर देण्याचे काम तिच्या पतीने करावे. हे काम आजवर तिच्यावरच पडत आले आहे. आणि नाव कोणतेही असो, हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी तिने वकिलाला विचारावे.

पक्षाच्या शाखांना करण्याजोगे एक काम ताबडतोब हाती घेता येईल. सभासद नोंदणीच्या अर्जात ‘वडिलांचे / पतीचे नाव’ असा रकाना असेल तर तो काढून ‘सभासदाला हवे तसे पूर्ण नाव’ एवढाच रकाना ठेवावा, आणि पुढच्या नोंदणीत जुन्या स्त्री-सभासदांना पुन्हा एकदा विचारून नावे लिहावीत. दुसरे काम तलाठी कार्यालयातले. तलाठ्यांचेही पदनाव बदलून आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, तेव्हा नामांतराची त्यांना सवय असावी. प्रत्येक शाखेने आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत झालेल्या वारसनोंदींचे फेरफार पाहावेत, त्यांत किती लेकींची नावे लागली आणि किती हक्कसोडीने कमी झाली याची यादी करावी, आणि ती यादी पुढील अभ्यासवर्गास येताना बरोबर आणावी.